उकिडवे सरांची झोप

वेदना आणि निद्रा या मानवी अस्तित्वाच्या दोन परस्परविरोधी, तरीही परस्परावलंबी अशा मूलभूत अवस्था आहेत.

हे माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं पहिलं वाक्य. माझं म्हणजे माझे गाइड भुयार सर यांचं. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधातही ते पहिलंच होतं, फक्त तिथं निद्रेच्या जागी भूक होती. पुढे सरांच्या हाताखालून जे जे डॉक्टर झाले त्यांनी त्यात आपापले शब्द बसवले. एकानं दारू आणि पितृप्रेम बसवलं, तरी वाक्याला काही झालं नाही.

एप्रिलमधल्या त्या सकाळी हे वाक्य मरून रेक्झिनच्या बांधणीत आमच्या टीपॉयवर पडलं होतं, आणि शेजारच्या दिवाणावर माझे बहिःस्थ परीक्षक, पुण्याचे डॉ. श्रीनिवास उकिडवे, पडले होते.

"झोपले?" माझी बायको कुंदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात पोह्यांची बशी होती.

"डोळे मिटलेत फक्त."

"घोरून राहिले ते."

"डोळे मिटून पडलेला माणूसही घोरू शकतो," मी म्हणालो. निद्रानाशावर सहा वर्षं संशोधन केलेल्या माणसाचं हे मत होतं.

कुंदानं बशी झाकून ठेवली. "व्हायवा कितीला आहे?"

"बाराला."

"मग उठतील नं तोवर."

उठतील, असं मलाही वाटत होतं. कारण हा माणूस झोपत नाही, हे सगळ्या विद्यापीठांना माहीत होतं. उकिडवे सरांच्या कंबरेचा मणका वीस वर्षांपूर्वी सरकला तो परत जागेवर आला नाही. त्यांना आडवं पडवत नसे आणि दहा मिनिटांपलीकडे बसवत नसे. यातल्या दुसऱ्या गोष्टीमुळे त्यांना परीक्षक म्हणून मोठी मागणी होती. ते आले की मौखिकी चहा यायच्या आत संपायची. भुयार सरांनी त्यांचं नाव सुचवलं तेव्हा शिफारस एका ओळीत केली होती, "माणूस चांगला आहे आणि पाठ खराब आहे." त्या एका मणक्यावर महाराष्ट्रातले निदान पन्नास डॉक्टर उभे होते. मी एक्कावन्नावा होणार होतो.

माझ्या प्रबंधाचा विषय 'जुनाट पाठदुखी आणि निद्रानाश यांचा सहसंबंध' हा होता, आणि परीक्षकांना दोन्ही होतं. हा योगायोग आहे की आगाऊपणा, याचा आम्ही कुणीच विचार केला नव्हता. मला तो स्टेशनवर सुचला. सर डब्यातून उतरले ते डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखे. रात्रभर डब्याच्या दाराशी उभे राहून आले होते. रिक्षात म्हणाले, "महल्ले, तुमचा विषय मी जगतोय. तेव्हा फार काही सांगू नका."

आमच्याकडची रीत अशी, की रेफरीला, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाला, स्टेशनवरून आणायचं, उतरवायचं, खाऊ घालायचं आणि परत गाडीत बसवून द्यायचं, हे सगळं उमेदवारानं करायचं. विद्यापीठाचं अतिथीगृह मंत्र्याच्या माणसांनी भरलं होतं, म्हणून मी सरांना घरी आणलं. आंघोळ झाली, चहा झाला. मग ते दिवाणाकडे बघत म्हणाले, "पाच मिनिटं पाठ टेकतो. काळजी करू नका, मला झोप लागत नाही."

दिवाण म्हणजे सागाची फळी आणि तिच्यावर सासूबाईंनी दिलेली, बसून बसून दगड झालेली गादी. समोर कूलर. सरांनी पाठ टेकली, एकदा 'अरे' म्हणाले, आणि गेले.

मला घाम फुटला तो निराळ्याच कारणानं. माझ्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि ती त्या दिवशी संपत होती. संध्याकाळी साडेपाचला कार्यालय बंद व्हायच्या आत मौखिकीचा, परीक्षकांच्या सहीचा अहवाल पोचला नाही, तर नोंदणी रद्द. मी नेट-सेट नसलेला अधिव्याख्याता होतो. आमच्या संस्थेचे सचिव फार प्रेमळ होते. त्यांनी मला घरी बोलावून, रसवंतीतून रस मागवून सांगितलं होतं, "महल्ले सर, जूनच्या आत डॉक्टर व्हा. नाहीतर तुमच्या जागेची जाहिरात द्यावी लागते. मला बरं नाही वाटणार."

इतक्यात उकिडवे सरांचा मोबाइल वाजला. टीपॉयवर, प्रबंधाच्या उरावर. कुंदानं झडप घातली आणि तो पदरात गुंडाळून स्वयंपाकघरात पळाली. मी मागोमाग.

"हॅलो," ती कुजबुजली. "मी मिसेस महल्ले. हो, पोचले नं. हो. नाही, ते झोपले आहेत."

कुंदानं फोन माझ्याकडे दिला.

"झोपलेत म्हणजे?" बाईंचा आवाज होता. "डोळे मिटून बसलेत का?"

"नाही मॅडम. दिवाणावर."

"आडवे?"

"हो."

"पाठीवर?"

"पाठीवर. घोरतायत."

मग त्या रडायला लागल्या. मला काय करावं समजेना. माझ्या प्रबंधाच्या प्रश्नावलीत रडणाऱ्या नातेवाइकांसाठी रकाना नव्हता.

"अहो, मुलीच्या लग्नात सगळा वेळ उभे होते हो ते," त्या म्हणाल्या. "रात्र रात्र गॅलरीत फेऱ्या मारतात. शेजारी मला विचारतात, यांचं काही बिनसलंय का. तुम्ही... तुमचं नाव काय म्हणालात?"

"महल्ले."

"महल्ले, त्यांना उठवू नका. हात जोडते. आपापले उठतील तेव्हा उठू द्या."

"मॅडम, बारा वाजता माझा—"

"उठवू नका," त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

कुंदा माझ्याकडे पाहत होती. "आता?"

"आता काय. भुयार सर येतील ते ठरवतील."

भुयार सर साडेदहाला आले. त्यांची स्कूटर फाटकाशी खाकरायला लागली तशी कुंदा धावली आणि तिनं त्यांना इंजिन बंद करायला लावलं. सर पायातल्या चपला हातात घेऊन आत आले. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या घरी तसाच जात होतो.

दिवाणासमोर उभं राहून त्यांनी परीक्षकांचं निरीक्षण केलं. मग मला अंगणात नेलं.

"उठव," ते म्हणाले.

"तुम्ही उठवा नं सर."

"मी मार्गदर्शक आहे. मी मार्गदर्शन करतो."

मी फोनचं सांगितलं. सर विचारात पडले. बायकोच्या रडण्यामुळे नाही. "अर्धवट झोपेतून उठवलेला माणूस कसा असतो?" त्यांनी विचारलं. "तुझ्या प्रबंधात काय आहे?"

"चिडचिड वाढते, वेदना तीव्र होतात, निर्णयक्षमता कमी होते."

"निर्णयक्षमता कमी झाली तर आपलं काही बिघडत नाही," सर म्हणाले. "पण चिडचिड वाईट. चिडून त्यानं 'पुन्हा सादर करा' लिहिलं तर मेलो. मुदत आज संपून राहिली."

"तेच तर."

"पण नाही उठवलं तरी मेलो."

"तेच तर सर."

आम्ही दोघं तुळशीच्या सावलीत उभे राहिलो. तिला फारशी सावली नव्हती. त्या वेळी माझ्या मनात दया होती की भीती, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्हींची लक्षणं सारखीच असतात. तोंड कोरडं पडतं आणि माणूस काही करत नाही.

तेवढ्यात शेजारच्या अंगणातून धाड धाड आवाज सुरू झाला. ढोकेकाकूंनी मिरच्या कांडायला घेतल्या होत्या. वर्षाचं तिखट. कुंदा कुंपणाशी गेली.

"काकू, थांबा नं जरा. घरात माणूस झोपला आहे."

"या वक्ताले? आजारी आहे का?"

"नाही, परीक्षक आहे यांचा."

"मंग उठवा नं बाप्पा त्याले! झोपाले आला का थो?"

"वीस वर्षांपासून झोपला नाही तो माणूस."

काकूंच्या हातातलं मुसळ खाली आलं. "वीस वर्सं?" त्यांनी आमच्या खिडकीकडे पाहून हात जोडले. काकूंना वाटलं असावं, कुणी तपस्वी आहे. पुढच्या अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला कळलं. भंगारवाल्याला कोपऱ्यावरच अडवण्यात आलं. समोरच्या देवळातल्या बायका भजन न म्हणता नुसत्या टाळ घेऊन बसल्या. मी दोन तास फिरून लोकांना झोपेचं महत्त्व सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

साडेअकरा वाजले. सरांनी कूस बदलली. आम्ही तिघं दारात गोळा झालो. त्यांनी उशी कुशीत घेतली आणि नव्या दमानं घोरायला लागले.

"बाराला लोडशेडिंग आहे," भुयार सर एकाएकी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "कूलर बंद पडेल. हा एप्रिल आहे. कोणताही माणूस उठेल. आपण नाही उठवलं, विजेनं उठवलं. कोणाचं नाव नाही."

माझ्या सहा वर्षांत त्यांनी केलेलं हे सर्वांत ठोस मार्गदर्शन होतं. बारा वाजता लाइट गेली. कूलरचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. खोलीत उकाडा उतरला. सरांच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला, नाकाशी घसरला, त्यांच्या पापण्या हलल्या. भुयार सरांनी माझा दंड धरला.

आणि कुंदा आतून विणलेला पंखा घेऊन आली, दिवाणाच्या उशाशी पाटावर बसली आणि वारा घालायला लागली.

"काय करून राहिली तू?" मी दातांत म्हणालो.

"बाई रडत होती तिथं," ती म्हणाली. पंखा थांबला नाही.

"माझी नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल. झोपलेल्या माणसाले घाम फोडून उठवाची नोकरी नाही पाहिजे मले." कुंदा चिडली की माहेरच्या बोलीवर येते. त्यानंतर तिच्याशी वाद घालायचा नसतो.

पापण्या शांत झाल्या. भुयार सरांनी माझा दंड सोडला. नंतर तिथं निळा डाग पडला होता.

अखेर विद्यापीठच घरी आणायचं ठरलं. ही कल्पना भुयार सरांचीच. नियम असा होता की खुल्या मौखिकीचं स्थळ फलकावर जाहीर केलेलं पाहिजे. स्थळ कोणतं असावं याबद्दल नियम काही म्हणत नव्हता. सरांनी बाहेरच्या बूथवरून फोन केले. विभागाच्या फलकावर खडूनं आमचा पत्ता लिहिला गेला. अधिष्ठाता सरोदे साहेब, म्हणजे आमचे डीन, अध्यक्षस्थानी असणार होते. ते बैठकीत होते, पण यायला लगेच तयार झाले, कारण जेवण आमच्याकडेच होतं आणि कुंदाच्या हातचा पाटोडीचा रस्सा विभागात प्रसिद्ध होता.

दीडपर्यंत मंडळी जमली. एम.ए.ची सहा मुलं, विभागातले दोन सहकारी आणि डीन साहेब. पंखा तेवढ्यापुरता माझ्या हातात देऊन कुंदानं प्रत्येकाला फाटकातच तोंडावर बोट ठेवून आत घेतलं. मौखिकी खुली असल्यामुळे ढोकेकाकूंना नाही म्हणता येईना. त्या पहिल्या ओळीत बसल्या. जेवणं झाली. रस्सा भुरकणं किती आवाजाचं काम आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मागच्या पडवीत, झोपलेल्या परीक्षकांकडे तोंड असलेल्या उघड्या दाराशी उभं राहून, मी माझं संशोधन कुजबुजायला सुरुवात केली.

"प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टं पुढीलप्रमाणे..."

"मोठ्यानं," मागून एक मुलगा कुजबुजला.

"श्श," सगळे म्हणाले.

"नमुना निवड कशी केली?" डीन साहेबांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं.

"सहेतुक, साहेब."

"छान," ते म्हणाले, आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनीही डोळे मिटले. पाटोडीचा रस्सा जड असतो.

"माह्या गुडघ्याचं इचारू का?" ढोकेकाकू म्हणाल्या.

"नंतर काकू."

मी परिकल्पना सांगितल्या, सहसंबंध गुणक सांगितला. तीन वाजता लाइट आली, ट्यूब लुकलुकली, कूलर दणक्यानं सुरू झाला. सगळ्यांनी श्वास रोखला. घोरणं चालूच राहिलं. माझ्या डोळ्यांपुढे जाहिरात दिसायला लागली. 'पाहिजेत: अधिव्याख्याता, मानसशास्त्र, एक जागा.' मी निष्कर्षांवर आलो. पहिला निष्कर्ष कुजबुजलो.

"जरा मोठ्यानं बोला, महल्ले. इथपर्यंत ऐकू येत नाहीये."

दारात उकिडवे सर उभे होते. केस एका बाजूनं उभे, गालावर उशीच्या शिवणीची रेघ. ते सकाळपेक्षा उंच वाटले. सगळे धडपडत उठले. डीन साहेबही जागे होऊन उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"क्षमा करा," उकिडवे सर म्हणाले. "किती वाजले?" कुणीतरी सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ते एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. हळूच इकडे हलले. तिकडे हलले. वाकून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला.

"भुयार," ते म्हणाले, "दुखत नाहीये."

घरात चोरी झाल्याचं सांगावं तशा आवाजात त्यांनी ते सांगितलं.

"वा सर! वा!" भुयार सर घड्याळाकडे बघून हसले. अजून वेळ होता. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. "मग सर, उमेदवाराला एखादा प्रश्न विचारता, की सरळ सही—"

"सही करू की. तो प्रबंध द्या जरा इकडे."

"सर, आपण वाचलाच आहे. प्रबंधावरचा आपला अहवालसुद्धा आधीच आला."

"अहवाल मी उभ्यानं लिहिला," उकिडवे सर म्हणाले. "सगळेच उभ्यानं लिहितो. उभ्यानं अडीचशे पानं वाचता येतात का, तुम्हीच सांगा. आज बसवतंय तर वाचतो."

त्यांनी पहिलं पान उघडलं. पहिलं वाक्य वाचलं. कपाळाला आठी पडली.

"हे मी कुठंतरी वाचलंय," ते म्हणाले. "तिथं भूक होती."

भुयार सरांना ठसका लागला. कुंदानं पाणी आणलं.

त्यानंतरचा काळ मी नीट सांगू शकत नाही. मला फक्त भिंतीवरचं घड्याळ आणि पान उलटल्याचा आवाज आठवतो. झोप झालेला विद्वान माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे ती पद्धत नाही. ते वाचत होते, पेन्सिलीनं रेघ मारत होते, मधूनच मान वर करून इतकं साधं काही विचारत होते की उत्तर देता येत नव्हतं. मुलं पुढे सरकून ऐकायला लागली होती. त्यांनी अशी मौखिकी कधी बघितली नव्हती. चार वाजले. डीन साहेबांनी पुन्हा डोळे मिटले. साडेचार. भुयार सर एकदा म्हणाले, "सर, कार्यालय साडेपाचला..." उकिडवे सरांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"महल्ले, हे रुग्ण कुठले?"

"सरकारी दवाखान्यातले सर. हाडांच्या ओपीडीतले."

"सगळे?"

"सगळे."

"प्रश्नावली कधी भरून घेतलीत?"

"सकाळी सर. डॉक्टर यायच्या आधी, रांगेतच. तेव्हा ते मोकळे असतात."

"तुमचा पहिला प्रश्न असा आहे, काल रात्री झोप नीट लागली का. जवळजवळ सगळे म्हणाले, नाही."

"हो सर. फार ठळक सहसंबंध आला."

"रांग कधी लागते?"

मला तेव्हाही कळलं नाही हे कुठे चाललंय. "नंबराची चिठ्ठी सहाला मिळते," मी म्हणालो. "पण लोक आधीपासूनच येतात."

"आधी म्हणजे?"

"शहरातले चारला येतात. खेड्यावरचे आदल्या रात्रीच येतात. शेवटच्या एस.टी.नं."

"आणि?"

"आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर..." इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, पण वाक्य सुरू झालं होतं. "...पडून राहतात, रात्रभर."

सहा मुलांपैकी एका मुलीनं तोंडावर ओढणी घेतली.

"म्हणजे," उकिडवे सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच राग नव्हता, "तुम्ही पाठदुखीचा आणि झोपेचा अभ्यास केला नाहीत. तुम्ही पायऱ्यांचा अभ्यास केलात."

"लई खराब हायेत त्या पायऱ्या," ढोकेकाकू म्हणाल्या. "माही सासू घसरली होती."

भुयार सर छताकडे पाहत होते.

उकिडवे सरांनी प्रबंध मिटला आणि मांडीवर ठेवला. "विषय चांगला आहे, महल्ले. तुम्हाला माहीत नाही किती चांगला आहे. या लोकांना त्यांच्या घरी गाठा. त्यांच्या अंथरुणावर. दुखतं म्हणून झोपत नाहीत, की झोपत नाहीत म्हणून दुखतं, की तिसरंच काही आहे. मी आज का झोपलो, हेसुद्धा मला जाणून घ्यायचंय. दहा-बारा महिन्यांचं काम आहे. लागेल ती मदत मी करतो. 'सुधारणांसह पुन्हा सादर करावा' असं लिहितो. मग हा प्रबंध होईल."

मी घड्याळाकडे पाहिलं.

"नाहीतर," ते म्हणाले, "आत्ता 'शिफारस' लिहितो. आजवर पन्नास लिहिल्या, ही एक. तुम्ही मला उठवलं नाहीत, म्हणून विचारतो. कोणतं लिहू?" त्यांनी खुर्चीत अंग चोरलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं. "लवकर सांगा. कंबरेत सुरू झालंय."

घड्याळात पाच वाजून गेले होते. मी भुयार सरांकडे पाहिलं. ते मार्गदर्शन करत नव्हते. मी कुंदाकडे पाहिलं. ती उकिडवे सरांच्या पाठीकडे पाहत होती. पाठ हळूहळू सकाळसारखी ताठ व्हायला लागली होती. मी मुलांकडे पाहिलं नाही.

"आज मुदत संपते सर," मी म्हणालो.

"ते झालं. लिहू काय?"

"शिफारस लिहा सर."

ते उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर कागद टेकवून त्यांनी उभ्यानंच दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. अक्षर सुंदर होतं. मग हात पुढे केला. "अभिनंदन, डॉक्टर महल्ले." सकाळी डब्यातून उतरलेला माणूस परत आला होता.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या, पण सवयीनं आवाज न करता. भुयार सरांनी कागद खिशात घातला, स्कूटरला किक मारली आणि कार्यालय बंद व्हायच्या आत तो पोचता केला. मी उकिडवे सरांना स्टेशनवर नेऊन सोडलं. गाडी येईपर्यंत ते फलाटावर फेऱ्या मारत होते, मी शेजारून चालत होतो. प्रबंधाबद्दल ते काही बोलले नाहीत. "मिसेसना सांगा, पंखा कळत होता," एवढंच म्हणाले. त्यांच्या पत्नीनं पुढच्या आठवड्यात कुंदाला फोन केला. गादीची मापं विचारली, तशी करवून घेतली. उपयोग झाला नाही.

जूनमध्ये मी कायम झालो. सचिवांनी पुन्हा रस पाजला.

पेढे द्यायला मी सरोदे साहेबांकडे गेलो तेव्हा त्यांनी दोन उचलले आणि म्हणाले, "तुमचं बरं झालं महल्ले, त्या दिवशी आटोपलं. तुमच्यासारखे मुदत संपलेले बाकीचे सात जण अजून घासून राहिले. त्यांना आता वर्षभर घाई नाही नं."

"काहून साहेब?"

"मुदतवाढ दिली नं सगळ्यांना. एक वर्ष."

"कधी?"

"तुमच्या व्हायवाच्या दिवशीच. सकाळच्या बैठकीत. मी तिथूनच तर आलो होतो जेवायला."

"मग सांगितलं नाही साहेब?"

"सांगणारच होतो," ते तिसरा पेढा उचलत म्हणाले. "तुमच्या मिसेस बोलू देत नव्हत्या."